दातांची निगा आणि हृदयाचे आरोग्य

(संस्थेच्या आरोग्य तपासणी शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेने आजच्या शिबिरात एका टेबलावर दातांची आणि शेजारच्याच टेबलावर हृदयाची तपासणी ठेवली आहे. सकाळी नाव नोंदवताना एक-दोघांनी विचारले, "आम्हाला छाती तपासून घ्यायची आहे, मग तोंड कशाला उघडायला लावता?" प्रश्न रास्त आहे. आम्ही व्यवसायाने दंतवैद्य आहोत. हाच प्रश्न आम्हाला पहिल्यांदा एका आईने विचारला, त्याला आता ३० वर्षे होऊन गेली. तेव्हा तिला नीट उत्तर देता आले नव्हते. आज आम्ही जे बोलणार आहोत ते त्या माउलीला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे आपण समजावे.

दवाखाना सुरू करून आम्हाला जेमतेम दोन वर्षे झाली होती. एक बाई बारावीत शिकणाऱ्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या खालच्या दाढेचा नुसता सांगाडा उरला होता. दोन वर्षे ती दाढ ठणकत होती. लवंग ठेवायची, गोळी घ्यायची आणि दिवस ढकलायचा, असे चालले होते. हिरड्याही सुजलेल्या होत्या. दाढ वाचण्यापलीकडे गेली होती, म्हणून आम्ही ती काढली, दुखण्याची गोळी दिली आणि मुलीला घरी पाठवले. चार-पाच आठवड्यांनी त्या बाई एकट्याच आल्या. मुलीला रोज संध्याकाळी बारीक ताप येत होता, जेवण जात नव्हते, जिना चढली की दम लागत होता. टायफॉइड समजून औषध झाले, मलेरिया समजून झाले, ताप काही हटेना. आम्ही तिला मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवले. तिथे रक्ताची तपासणी झाली, हृदयाची सोनोग्राफी झाली आणि निदान झाले, की हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घर केले आहे. मग चौकशीत कळले, की नवव्या वर्षी मुलीला सांध्यांचा ताप येऊन गेला होता, तेव्हापासून तिची एक झडप अधू होती आणि काही वर्षे तिला दर २१ दिवसांनी इंजेक्शन दिले जात होते.

आम्ही बाईंना म्हणालो, "हे आम्हाला आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही दात काढणार होता. दाताचा आणि काळजाचा काय संबंध, म्हणून नाही सांगितलं."

चूक त्यांची नव्हती. विचारण्याचे काम आमचे होते आणि आम्ही विचारले नव्हते. मुलीला सहा आठवडे शिरेतून पेनिसिलिन द्यावे लागले. जीव वाचला, पण परीक्षेचे ते वर्ष गेले. झडप आणखी बिघडली आणि पुढे ती शस्त्रक्रिया करून बदलावी लागली. त्या दिवसापासून आमच्या केसपेपरवर रुग्णाच्या नावाखाली पहिली ओळ छापलेली असते : हृदयाचा काही त्रास आहे का? लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?

संबंध रक्ताचा आहे

दाताचा आणि काळजाचा संबंध काय, तर तो शब्दशः रक्ताचा आहे. आपल्या तोंडात शेकडो जातींचे जंतू कायम वस्तीला असतात. दात घासले नाहीत, की दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर त्यांचा चिकट थर साचतो. तो तसाच राहिला तर लाळेतील क्षार बसून त्याचे टणक कीटण होते, ते मग ब्रशने निघत नाही. त्याच्या सान्निध्याने हिरडी सुजते, लाल होते, घासताना रक्त येते. पुढे हिरडी दातापासून सुटते, आतले हाड झिजते आणि दात हलू लागतो. यालाच लोक पायरिया म्हणतात. एकेका दाताभोवतीची जखम लहान दिसते, पण २८-३० दातांभोवतीची मिळून ती मोठी उघडी जखम होते. एवढी जखम पायावर असती तर आपण त्याच दिवशी पट्टी करून घेतली असती. तोंडातली मात्र वर्षानुवर्षे तशीच राहते, कारण ती दिसत नाही आणि बहुधा दुखतही नाही.

जिथून रक्त बाहेर येते तिथून जंतू आत जातात. निरोगी माणसात असे शिरलेले जंतू थोड्याच वेळात रक्तातील पेशी मारून टाकतात. हृदयाचे आतले अस्तर गुळगुळीत असते, तिथे जंतूंना पाय रोवता येत नाही. पण झडप जन्मतः सदोष असेल, आजाराने खरखरीत झाली असेल किंवा कृत्रिम बसवलेली असेल, तर त्या जागी जंतू चिकटतात, वाढतात आणि झडप कुरतडू लागतात. या रोगाला वैद्यकात इन्फेक्टिव्ह एन्डोकार्डायटिस म्हणतात. १८८५ साली सर विल्यम ऑस्लर यांनी लंडनमधील व्याख्यानांत या रोगाचे सविस्तर वर्णन केले. १९३५ साली ओकेल आणि इलियट या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी दात काढल्यानंतर लगेच रुग्णांचे रक्त तपासले. अनेकांच्या रक्तात तोंडातील जंतू सापडले आणि हिरड्या ज्यांच्या अधिक खराब, त्यांच्यात ते अधिक सापडले.

इथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. रुमॅटिक ताप, म्हणजे सांध्यांचा ताप, दातांमुळे येत नाही. तो घशाच्या संसर्गानंतर येतो. घसा दुखल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सांधे सुजतात आणि त्यातच हृदयाची झडप सापडते. एका खोलीत सात-आठ माणसे झोपतात, घसा दुखला तर औषध मिळत नाही, अशा ठिकाणी हा आजार जास्त. म्हणूनच तो आपल्या चाळी-झोपडपट्ट्यांतून आणि खेड्यांतून आजही भेटतो. घशातले जंतू आणि तोंडातले जंतू दोन्ही स्ट्रेप्टोकोकस या एकाच कुळातले आहेत. घशातल्या जंतूंच्या निमित्ताने झडप अधू होते आणि त्या अधू झडपेवर पुढे तोंडातले जंतू बसतात. गरिबाच्या मुलाला दोन्हीकडून मार बसतो, तो असा.

एका गोळीवर विसंबू नये

अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ साली पहिल्यांदा सांगितले, की झडपेच्या रुग्णाचा दात काढण्यापूर्वी जंतुनाशक औषध द्यावे. पुढे अनेक वर्षे ही यादी मोठी होती. २००७ साली त्याच संस्थेने ती पुष्कळ आखूड केली आणि २०२१ साली तेच धोरण कायम ठेवले. आता कृत्रिम झडप असलेले, हा रोग पूर्वी होऊन गेलेले, जन्मजात हृदयदोषाचे काही ठरावीक प्रकार असलेले, अशा सर्वाधिक धोक्यातल्या रुग्णांनाच काही विशिष्ट उपचारांपूर्वी औषधाची एक मात्रा देण्यास सांगितले जाते. रुमॅटिक झडपेच्या रुग्णाला ती द्यावी की नाही, याबद्दल देशोदेशीच्या तज्ज्ञांत एकमत नाही. तो निर्णय आपल्या हृदयरोगतज्ज्ञाने घ्यायचा आहे. शेजाऱ्याने सांगितली म्हणून गोळी घेऊ नये. तसेच २१ दिवसांचे इंजेक्शन चालू आहे म्हणजे दातांचेही काम भागले, असे समजू नये. ते इंजेक्शन घशाच्या जंतूंसाठी आहे.

यादी आखूड करण्यामागचे कारण मोलाचे आहे. दात आयुष्यात एकदोनदा काढला जातो, पण खराब हिरड्यांच्या माणसाच्या रक्तात जंतू रोजच शिरतात. घास चावताना शिरतात, दात घासताना शिरतात. वर्षातील एका दिवसाची गोळी उरलेल्या ३६४ दिवसांचे रक्षण कसे करणार? म्हणून या तज्ज्ञांनी गोळीपेक्षा रोजच्या स्वच्छतेवर आणि नियमित तपासणीवर भर दिला.

हे वाचल्यावर आम्ही पुन्हा त्या मुलीचा विचार केला. झडपेवरचे ते जंतू आम्ही दाढ काढली त्या दिवशी गेले, की आधीच्या दोन वर्षांत एखाद्या साध्या जेवणाच्या वेळी गेले, हे कोणालाही सांगता येणार नाही. आमची न विचारण्याची चूक त्याने पुसली जात नाही. पण एवढे खरे, की दोन वर्षांपूर्वी त्या दाढेला छोटेसे छिद्र होते, तेव्हा ती मुलगी कोणाकडे गेली असती, तर अर्ध्या तासात सिमेंट भरून काम झाले असते. गोष्ट तिथे सुटली होती.

हार्ट ॲटॅक आणि हिरड्या

आता दुसरा प्रश्न. झडपेचे ठीक, पण हार्ट ॲटॅकचा आणि दातांचा काही संबंध आहे का? १९८९ साली फिनलंडमधील डॉक्टरांनी हार्ट ॲटॅक आलेल्या रुग्णांचे दात तपासले. तेव्हा इतरांपेक्षा त्यांचे दात अधिक खराब आढळले. त्यानंतर जगभर असे बरेच अभ्यास झाले. रोहिणीच्या भिंतीत साचणाऱ्या चरबीच्या थरात हिरड्यांतील जंतूंच्या खुणाही सापडल्या आहेत. हिरड्यांची सूज वर्षानुवर्षे राहिली की तिचा दाह सर्व रक्तात पसरतो आणि रोहिण्यांच्या अस्तराला त्रास देतो, असे मानले जाते. २००७ साली लंडनमध्ये १२० रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात हिरड्यांचा कसून उपचार केल्यानंतर सहा महिन्यांनी रोहिण्यांचे काम सुधारलेले दिसले.

तरीही आम्ही आपणांस असे सांगणार नाही, की दात साफ करून घ्या म्हणजे हार्ट ॲटॅक येणार नाही. २०१२ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सर्व पुरावा तपासून म्हटले, की हिरड्यांचा रोग आणि रोहिण्यांचा रोग एकत्र आढळतात हे खरे. मात्र एकामुळे दुसरा होतो, किंवा हिरड्या बऱ्या केल्याने हृदयरोग टळतो, हे त्या पुराव्यावरून सिद्ध होत नाही. विज्ञानात जेवढे सिद्ध झाले तेवढेच बोलावे. नाहीतर काय होते, याचे उदाहरण दंतवैद्यकाच्या इतिहासातच आहे. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी कॅनडातील माँट्रियल येथे भाषण करून शरीरातील अनेक रोगांचे खापर तोंडातील घाणीवर फोडले. त्यांच्या म्हणण्यात काही अंश खरा होता, पण त्यानंतर पुढची कित्येक वर्षे डॉक्टरांनी संधिवात, अशक्तपणा, मनाचे विकार अशा कशाहीसाठी लोकांचे चांगले दात उपटले. माणसे बोळकी झाली आणि रोग तसेच राहिले. दात जपणे हा उपाय आहे, सरसकट उपटणे हा नव्हे.

मग दोन्ही रोग एकाच माणसात का सापडतात? एक मोठे कारण म्हणजे दोघांचे शत्रू समान आहेत. पहिला शत्रू मधुमेह. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. तोच मधुमेह हृदयालाही पोखरतो. दुसरा शत्रू तंबाखू, आणि याबद्दल आम्हाला माता-भगिनींशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

आपल्याकडे अनेक घरांत तंबाखू भाजून, पूड करून मशेरी लावली जाते. ती लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही. ती म्हणते, मी दात घासते. पण मशेरी हे दंतमंजन नाही, तो तंबाखूच आहे. तो हिरडीवर चोळला की निकोटिन सरळ रक्तात जाते. हृदयाची गती आणि रक्तदाब वाढतो, हिरडी दातावरून खाली सरकते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वेगळाच. केंद्र सरकारने १९९२ सालीच टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. २०१२ साली महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोणता कायदा अडवणार? ती बंदी घरच्या बाईनेच घरात आणायची आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, की धुरामुळे हिरड्यांतून रक्त कमी येते. त्यामुळे आतला रोग झाकला जातो, बरा होत नाही.

प्रत्यक्षात काय करावे

दात घासणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. विनयपिटकात भगवान बुद्धांनी भिक्षूंना दातवण चावण्याची अनुज्ञा दिल्याचे आणि ते न चावल्याने होणारे पाच तोटे सांगितल्याचे नमूद आहे. तोंडाला दुर्गंधी येते आणि अन्नाची चव लागत नाही, हे त्यांतले दोन. एवढ्या जुन्या काळी जे शिस्तीत बसवले गेले, ते आज करायला आपणांस जड जाऊ नये. साध्या गोष्टी अशा :

(१) सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, असे दोनदा दोन-दोन मिनिटे घासावे. रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना रान मोकळे मिळते.

(२) ब्रश मऊ असावा, पेस्ट फ्लोराइडची असावी आणि साधारण तीन महिन्यांनी ब्रश बदलावा. राख, विटेची पूड, कोळसा, वाळू यांनी दात घासू नयेत. दाताचे कवच झिजते.

(३) घासताना रक्त येते म्हणून घासणे सोडू नये. रक्त येणे हे रोगाचे लक्षण आहे, ब्रशचा दोष नव्हे. दंतवैद्याला दाखवावे.

(४) कीटण काढले की दात हलतात, हा गैरसमज आहे. दात आधीच हललेले असतात. कीटणाने ते झाकलेले असते. तसेच वरची दाढ काढली की नजर जाते, हाही गैरसमज आहे.

(५) मुलांची पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी, दुधाचा एकही दात न पडता मागून येते. आईबापांना ती दुधाचीच वाटते आणि ती किडली तरी 'पडून दुसरी येईल' म्हणून सोडून देतात. ती पुन्हा येत नाही.

(६) हृदयरुग्णाने दंतवैद्याकडे जाताना हृदयाची फाईल आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दात काढायचा म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्यातून अधिक मोठे संकट येऊ शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ ॲम्लोडिपिनने, काहींच्या हिरड्या फुगतात. तेही डॉक्टरांना सांगावे, गोळी सोडू नये.

(७) झडप बदलण्याची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आधी दात तपासून दुरुस्त करून घ्यावेत. ऐनवेळी तोंडात पू सापडला, तर मिनतवारीने मिळालेली शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाते.

(८) झडपेच्या रुग्णाला कारण नसताना आठवडाभर ताप राहिला, तर घरगुती औषधावर वेळ घालवू नये. आपल्याला झडपेचा आजार आहे, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे.

एक उलटी गोष्टही सांगितली पाहिजे. कधी कधी दुखणे हृदयाचे असते आणि वाटते दाताचे. चालताना, जिना चढताना खालच्या जबड्यात दुखते आणि बसले की थांबते, घाम येतो, छाती भरून येते, अशा वेळी दंतवैद्याची पायरी चढू नये. सरळ हृदयाची सोय असलेल्या दवाखान्यात जावे.

विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना

विद्यार्थी मित्रांनो, २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्याचा प्रारंभ आपल्या महाराष्ट्रात पालघर येथे झाला. अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची त्यात तपासणी होते, आणि तपासायच्या आजारांत किडलेले दात, जन्मजात हृदयदोष आणि रुमॅटिक हृदयरोग हे तिन्ही आहेत. पथक शाळेत येईल त्या दिवशी आपल्या वस्तीतले एकही मूल घरी राहू नये, एवढे काम तुम्ही करू शकता. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत उपचार होतात. तिथे जायला भिणाऱ्या म्हाताऱ्या माणसाबरोबर तुम्ही जाऊ शकता, केसपेपर काढून देऊ शकता.

खर्चाचे म्हणाल, तर रोज दहा रुपयांची तंबाखूची पुडी धरली तरी महिन्याचे ३०० रुपये होतात. तेवढ्यात घरातल्या सर्वांचे ब्रश आणि पेस्ट येते. उपचार महाग आहेत हे आम्हाला मान्य आहे. म्हणून तर आम्ही उपचारांची वेळ येण्यापूर्वीचे बोलत आहोत.

संस्थेला आमची एकच सूचना आहे. आजच्या शिबिरात ज्या मुलांच्या झडपेत दोष आढळेल, त्यांची यादी करून ठेवावी. त्या प्रत्येक मुलाचे दात दर सहा महिन्यांनी कोणी तरी बघितले पाहिजेत. ती मुले थोडी असतील. ती जबाबदारी आमच्या दवाखान्याने घ्यायची, असे आम्ही ठरवले आहे. त्यांची नावे शोधून त्यांना आमच्यापर्यंत आणण्याचे काम आपण करावे.

आणि आता दुपारी तपासणी सुरू होईल तेव्हा कृपा करून दोन्ही टेबलांवर जावे. दातांच्या टेबलावर हृदयाचे सांगावे आणि हृदयाच्या टेबलावर दातांचे सांगावे. कोणी विचारले नाही, तरी सांगावे.